बोर्डावरचे रंगातात्या

अनू, पत्रातूनच बोलावते, ये इकडं. लांबून नुसती मान हलवू नकोस, जवळ येऊन बस. रागावले नाही मी, पण दोन शब्द बोलणार आहे, ते ऐकून घे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन कोकणात गेलीस, समुद्राकाठच्या त्या शेतावर राहिलीस, चांगलं केलंस. फोटो सगळे बघितले मी. पोरं वाळूत बैलगाडीत बसलीत, नारळ सोलतायत, शहाळ्याला तोंड लावून सदरे भिजवतायत. एक फोटो मात्र मी बोटांनी मोठा करून करून बघितला. सुपारीच्या बागेत एक म्हातारबाबा डोक्यावर टोपलं घेऊन उभे आहेत आणि दोन्ही अंगांना तुझी पोरं. खाली तू लिहिलंस, 'किती आनंदी आजोबा'. मी फोनवर विचारलं, त्यांचं नाव काय गं. तर म्हणालीस, "अगं आत्या, नाव कुठं विचारलं."

बघ बाई. ज्याच्या अंगणात दोन दिवस जेवलीस, ज्याच्या खांद्याला पोरं टेकवून फोटो काढलास, त्याचं नाव विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि आनंदी आहेत हे तुला कुणी सांगितलं? असतीलही, मी नाही म्हणत नाही. पण मी असल्याच एका आजोबांच्या शेजारच्या दारात जन्म काढला, म्हणून मला फोटोतलं हसू बघितलं की आधी माणसाचे हात बघायची सवय लागली आहे. हात खोटं बोलत नाहीत. त्या म्हातारबाबांनी टोपलं कसं धरलं होतं बघ जरा. कधीच टोपलं न उचललेल्या माणसासारखं.

आमचे रंगातात्या तुला आठवत असतील, पण फेट्यातलेच आठवत असतील. माझे धाकटे दीर. पुण्याकडून सोलापूरच्या रस्त्यानं येताना इंदापूरच्या अलीकडं तो मोठा बोर्ड लागतो ना, गुलाबी फेटा, पिळाच्या मिशा, दोन्ही हात जोडलेले आणि मागं उजनीचं पाणी, तेच ते. त्या बोर्डाखाली लिहिलंय, 'या, आजोबांच्या शेतावर'. आता मी तुला एक गोष्ट सांगते, ती बोर्ड बघणाऱ्या कुणालाच पटायची नाही. आमच्या भावजींना शेती येत नव्हती.

खरंच येत नव्हती. दोघं भाऊ. थोरले आमचे मालक, त्यांनी जमीन सांभाळली. धाकटे भावजी तरणेपणी साखर कारखान्यात लागले ते निवृत्त होईस्तोवर तिथंच. क्रेन चालवायचे. गाड्या यायच्या, त्यांतल्या उसाच्या मोळ्या उचलायच्या आणि गाळपाच्या गव्हाणीत सोडायच्या, बाकी त्या उसाचं पुढं काय होतं आणि मागं काय झालं होतं, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. "वैनी, उसाला मुळं असत्यात हे मला रिटायर झाल्यावर दिसलं," असं ते स्वतःच हसून सांगायचे. पँट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशाला पेन. धोतर त्यांनी आयुष्यात लग्नाच्या दिवशी नेसलं तेवढंच. बायको लवकर गेली, एकुलता मुलगा महेश वाढवला तो मी नि त्यांनी मिळून. शेजारी शेजारी दोन दारं, मधे एक कडुनिंब, एवढंच अंतर.

महेश चाकणकडं कंपनीत होता. ती नोकरी सोडून आला आणि पाण्याकाठच्या आमच्या रानात त्यानं हे पर्यटनाचं काढलं. हिवाळ्यात हुरडा, उन्हाळ्यात आंबे, होडीतून रोहित पक्षी दाखवायचे, पोरांना विहिरीत पोहायला, बैलगाडीतून रानाला चक्कर, बायकांना चुलीवर भाकरी थापायला. चांगला पोरगा आहे महेश, राबणारा आहे. मी त्याला नावं ठेवायला बसलेली नाही. बोर्डासाठी फोटो काढायचा ठरला तेव्हा फोटोवाला आधी आमच्या मालकांकडंच गेला. खरा शेतकरी तोच ना. मालकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मला काम हाय," म्हणाले आणि खुरपं घेऊन चालू लागले. मग फोटोवाल्याची नजर ओट्यावर बसलेल्या भावजींकडं गेली. बनियन घालून चहा पीत होते बिचारे. महेशच्या लग्नातला गुलाबी फेटा ट्रंकेत होता, तो आणला. कुणाचं तरी धोतर आणलं. मिशी होतीच, तिला तेल लावून पीळ दिला. आणि खरं सांगू का, राजबिंडे दिसले भावजी. आम्ही सगळे हसलो, तेही हसले.

"अर्ध्या तासापुरता बांधला व्हता, वैनी," असं ते मला पुढं कितीदा म्हणाले असतील. बोर्ड लागला आणि पाहुणे बोर्डावरच्या आजोबांना शोधत यायला लागले. मग दर रविवारी फेटा, दर सुट्टीला फेटा. पोरांच्या शाळांच्या सहली आल्या तर मधल्या वारीपण फेटा. आमचे मालक रविवारी सकाळी भावाला बघितलं की विचारायचे, "रंगा, आज कुणाचं लगीन?" आणि भावजी म्हणायचे, "तुजंच लावतोय दादा दुसरं. वैनीला इचारलंय." एवढीच त्या दोघांची थट्टा, पण रोजची.

आता शेतकरी आजोबा म्हटलं की लोक शेतीचंच विचारणार. मालक शनिवारी संध्याकाळी भावाला घेऊन रानातून फिरायचे, शाळेत धडा द्यावा तसा. हा हरभरा, ही करडई, ही ज्वारी, हा मका, नीट बघ, पानं सारखी वाटतात पण सारखी नाहीत. भावजी मान हलवायचे आणि रात्रीतून सगळं विसरायचे. मग त्यांनी आपली एक युक्ती काढली. जे ओळखू यायचं नाही त्याला ते बेधडक सांगायचे, "औषधी हाय." कशावर औषध, असं कुणी विचारलं तर, "पोटाला." एकदा पुण्याच्या एका बाईंनी बांधावरच्या गाजरगवताला हात लावून विचारलं. भावजी म्हणाले औषधी. बाईंनी चांगली जुडी बांधून पिशवीत घातली. अगं, त्या गवतानं अंगाला खाज सुटते. मालक लांबून बघत होते, ते धावत आले आणि बाईंच्या हातातली पिशवी अक्षरशः ओढून घेतली. बाईंना वाटलं, हा गडी फार आडदांड आहे. महेशकडं तक्रारही केली, "तुमच्या आजोबांचा स्वभाव किती गोड, पण तो माणूस कामावर ठेवू नका." आमचे मालक आठ दिवस ते आठवून हसत होते. ते हसत नसत सहसा.

बैलगाडीचंही तसंच. भावजींना बैलांची भीती वाटायची. पण आमचा हरण्या एवढा शहाणा की दाराशी सुटला की रानाला चक्कर मारून बरोबर आंब्याखाली येऊन थांबायचा. भावजी कासरा धरून ऐटीत बसायचे आणि मधूनमधून "हाऽ हाऽ" करायचे. "वैनी, गाडी हरण्या चालवतो, मी निस्ता आवाज देतो," म्हणायचे.

तू म्हणशील, मजेतच होते की मग. पहिलं वर्षभर होतेच. पण अनू, मजा आपल्याला उठून जाता येतं तोवरच असते. सणसरला त्यांचे कारखान्यातले जुने सोबती दर रविवारी एका हॉटेलात जमायचे. भजी, चहा, आणि जुन्या गळीत हंगामांच्या गप्पा. निवृत्त झाल्यावर भावजींनी मनात धरलेली एकच चैन होती ती. पण रविवार तर पाहुण्यांचा. "आज ड्युटी हाय," म्हणून फोन ठेवायचे. पुढं पुढं सोबत्यांनी फोन करायचं सोडलं. एकदा मधल्या वारी पँट-शर्ट घालून ते हट्टानं इंदापूरला गेले, तर बाजारात एका कुटुंबानं त्यांना निरखून बघितलं. पोरगं म्हणालं, बोर्डावरचे आजोबा. त्याचा बाप म्हणाला, नाही रे, ते नाहीत हे. भावजी घरी येऊन माझ्या उंबऱ्यात बसले. "वैनी, मी मी न्हाय म्हनं," एवढंच बोलले आणि चपलेचा अंगठा बघत राहिले.

गावातल्या न्हाव्याला महेशनं सांगून ठेवलं होतं, तात्यांच्या मिशीला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. उन्हाळ्यात घाम साचून ओठावर पुरळ यायचं, पण मिशी तशीच. "माझ्याच मिशीवर माझी सही चालत न्हाय," म्हणायचे. महेशला त्यांनी सरळ सांगूनही बघितलं. मी तिथंच होते. म्हणाले, "आता दुसरा बघ एखादा. लई झालं."

महेश म्हणाला, "तात्या, लोकं तुमाला बघून येत्यात. बोर्डावर तुमी, फोनमदी तुमी. मी आता दुसरा कुठला आणू? येवडा हंगाम काढा, फुडच्याला बघू."

पुढचा हंगाम आला की त्याच्या पुढचा. कुणी दाराला कडी लावली नव्हती, कुणी हात धरला नव्हता. फाटक उघडंच होतं आणि त्या फाटकावरच भावजींचा फोटो होता. स्वतःच्या लेकाचं चाललेलं काम मोडून माणूस कसा जाणार? जाऊन जाणार कुठं?

मग आमचे मालक गेले. थंडीचे दिवस, हुरडा ऐन भरात. सकाळी पाणी द्यायला गेले, बांधावर टेकले ते टेकलेच. मला एक लेक, मुलगा नाही, हे तुला माहीत आहे. अग्नी कुणी द्यायचा, यावर बोलणं निघालं. महेश पुढं झाला. मालकांना तो आबा म्हणायचा. म्हणाला, "तात्या, मी देतो. आबांचा मी बी लेकच हाय. क्षौरबी मीच करतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. आणि दहाव्यानंतरच्या रविवारी पुण्याहून दोन बस भरून माणसं येणार होती, हेही खरं होतं. अग्नी देणाऱ्यानं दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवायची असते. मला त्या दुःखातसुद्धा ते लक्षात आलं, आणि भावजींच्याही आलं. ते एवढंच म्हणाले, "मी हाय अजून." आणि मडकं खांद्याला घेतलं.

दहाव्याला पाण्याकाठी आम्ही बायका बाभळीखाली बसलो होतो. भावजी न्हाव्यापुढं बसले. डोक्यावरचे केस उतरले. मग न्हावी थांबला. त्यानं महेशकडं बघितलं, महेशनं पाण्याकडं बघितलं. न्हावी हळूच म्हणाला, "तात्या, मिशीचं टोक घेतो निस्तं. आताशा समदे तसंच करत्यात. कोण बोलत न्हाय."

सगळा भाऊबंद तिथं उभा होता. मला वाटलं, हो म्हणतील. हो म्हणण्याचीच त्यांना सवय लागली होती. मी पदर तोंडाशी धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, देवा, मला यातलं काही बघायला लावू नको. भावजी म्हणाले, "बोर्डावर जो बसलाय त्येची ऱ्हाऊ दे. मी दादाचा भाऊ हाय. माझी काढ."

मिशी गेली. इतकी वर्षं झाकलेला वरचा ओठ उन्हात आला, पांढरा, लहान मुलासारखा. मी त्यांच्या लग्नाआधीपासून त्यांना बघते, पण तो ओठ मी पहिल्यांदा बघितला. त्यांचा नि मालकांचा चेहरा इतका सारखा आहे हे मला तोवर कळलंच नव्हतं. माझ्याच्यानं बघवेना.

रविवार आला. महेश बारामतीहून गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून खोटी मिशी घेऊन आला. बापापुढं ठेवली आणि हात जोडले. "आजचा दिवस, तात्या. दोन बसा हायत. लांबनं आल्यात माणसं." मला वाटलं भावजी भिरकावतील. पण ते म्हणाले, "लाव." भावाचं त्यांनी केलं होतं, आता लेकाचं करत होते. डोक्याला फेटा असल्यामुळं ते झाकलं गेलं, आणि ओठाला डिंकानं मिशी.

मी गोठ्यामागं सुपात शेंगा घेऊन बसले होते, पाहुण्यांच्या नजरेआड. आगटीभोवती मोठं रिंगण बसलेलं. गडी कणसं भाजून हातावर चोळून देत होता आणि भावजी मधे बसून हसत होते. त्यांच्यासमोर एक लहान मुलगी, पुढचे दोन दात पडलेली. ती बराच वेळ त्यांच्याकडं टक लावून होती.

"आजोबा, तुमची मिशी हलते."

"हलणारच. ती माझी न्हाय."

"मग तुमची कुठंय?"

"भावाला दिली."

"त्याला कशाला हवी?"

"त्यो लांबच्या गावाला निघाला व्हता. मोकळा कसा धाडू?"

"परत देणार का तो?"

"न्हाय. मी मागणार बी न्हाय."

असं म्हणून त्यांनी ती मिशी ओठावरून सोलून काढली आणि बंडीच्या खिशात ठेवली. त्या मुलीच्या आईनं मान खाली घातली. पण मुलीला त्याचं काय, ती पुढं विचारतच होती.

"फेटा तरी तुमचा आहे का?"

"त्यो लेकाचा."

"आणि बैल?"

"भावाचा."

"मग तुमचं काय आहे?"

भावजींनी आपले हात पुढं धरले. मग म्हणाले, "माझी क्रेन व्हती."

आणि अनू, त्या दुपारी त्यांनी जी क्रेन चालवली ती बघायला तू हवी होतीस. उठून उभे राहिले, एक हात आभाळात, दुसरा दांड्यावर. मोळी कशी उचलायची, वारा सुटला तर कशी धरायची, खाली माणूस आला तर भोंगा कसा द्यायचा. पोरं त्यांच्याभोवती गोल करून भोंगे देत होती. होडीला कुणी गेलं नाही, गाडीत कुणी बसलं नाही. मी सूप मांडीवर घेऊन ऐकत होते. मालक गेल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि मग मला रडू आलं, ते राहू दे.

मला वाटलं, सुटला माणूस.

पण त्या रिंगणात कुणीतरी ते सगळं फोनवर टिपलं होतं. ते इकडून तिकडं फिरलं. पुढच्या रविवारी पाहुणे आले ते विचारतच आले, भावाला मिशी देणारे आजोबा कुठं आहेत. महेश बापाला म्हणाला, "तात्या, आता मिशी लावायची गरजच न्हाय. असंच ऱ्हावा. निस्तं ते 'भावाला दिली' तेवढं सांगत जावा. लोकांच्या डोळ्याला पाणी येतं."

त्यानं वाईट मनानं म्हटलं नाही. त्याच्याही डोळ्याला यायचं. भावजींनी सांगितलं. त्या रविवारी, त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या. समोर कुणी लहान मूल बसवायचं, त्याला आईबापांनी आधीच शिकवून ठेवलेलं, ते विचारायचं, आजोबा मिशी कुठंय. मी गोठ्यामागं बसायचं सोडून दिलं. एका सोमवारी ते माझ्या दारात आले, फेटा नाही, पँट-शर्ट. उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "वैनी, दादा एकदाच गेला. मी त्येला दर रविवारी धाडतोय."

मी म्हटलं, सांगू नका. ते म्हणाले, "लोकं इचारत्यात. न्हाय सांगितलं तर महेश सांगतो, त्यो तर आनखी रंगवून सांगतो." मी म्हटलं, मग जाऊ नका. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी कालच या घरात आले आहे. मग स्वतःच म्हणाले, "मी मिशी वाढवतो."

आधी मला कळलंच नाही.

"मिशी आली की कोण इचारत न्हाय, वैनी. फेटा न् मिशी दिसली की लोकांना आत माणूस हाय हेच दिसत न्हाय. बरं हाय ते. त्येंनी भायेरचा बघावा. आतलं आपल्याजवळ ऱ्हातंय."

आणि वाढवली. ज्या मिशीपायी ते वैतागले होते तीच त्यांनी स्वतःहून वाढवली, तेल लावून पीळही स्वतः द्यायला लागले. महेशला वाटलं, तात्यांचं मन रमलं. तो खूश झाला. त्यानं नवा फेटा आणला. पुन्हा ते 'औषधी हाय' सुरू झालं, पुन्हा हरण्याला हाऽ हाऽ. मालक नव्हते, मग शनिवारचा धडा मीच द्यायची, हे बघा भावजी, हा हरभरा. ते विसरायचे. त्यानंतर त्यांनी महेशला कधी 'दुसरा बघ' म्हटलं नाही. त्यांनी हार मानली की स्वतःचं तेवढं राखलं, मला नाही सांगता येत. मी शाळेला दुसरीपर्यंत गेलेली बाई, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर केलेलं. पण एवढं बघितलं मी, की पिंजऱ्यातल्या माणसानं कधीकधी आतून पडदा ओढून घेतलेला असतो.

सोमवारी पाहुणे नसायचे. सोमवारी भावजी उघड्या डोक्यानं माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. इतका बोलका माणूस, पण सोमवारी गप्प. सुरुवातीला मी माझ्या सवयीनं विचारायची, चहा टाकू का, पाठ दुखते का, काल किती माणसं होती. एक दिवस म्हणाले, "वैनी, आज काय इचारू नका." तेव्हापासून मी तोंडाला कुलूप घातलं. मला ते किती जड गेलं असेल तूच बघ, तू मला ओळखतेस. मी मेथी निवडायची, ते समोरच्या कडुनिंबाकडं बघायचे. कधी हात पुढं करून चार काड्या निवडून द्यायचे. ऊन उंबऱ्यावरून खाली उतरलं की उठून जायचे. काही झालं नाही, कुणी काही दाखवलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. त्यांच्या आठवड्यातला तेवढाच वेळ त्यांचा होता आणि तो ते माझ्या दारात काढत होते.

गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. महेशनं सगळं रीतीप्रमाणं केलं, डोकं, मिशी, काही राखलं नाही, आणि महिनाभर फाटक उघडलं नाही. मी म्हटलं ना, पोरगा वाईट नाही.

आता थंडी जवळ आली. परवा महेश माझ्या दारात आला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काकी, लोकं इचारत्यात, आता आजोबा न्हायत तर आजी तरी दाखवा. तुमी चुलीपुढं बसा निस्तं. नऊवारी नेसा, मी आणतो चांगलं. कपाळाला मोठं कुंकू लावा, फोटोत उठून दिसतं." मालक गेल्यापासून मी कपाळाला काही लावत नाही. ते मला कुणी सांगितलेलं नाही, माझं मी ठरवलेलं आहे. एरवी कुणी लाव म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते किंवा विचारही केला असता. पण फोटोसाठी? मी महेशच्या कपात आणखी चहा ओतला. तो लहान असताना मीच त्याला भरवलंय गं. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तो म्हणाला, "निस्तं या हंगामापुरतं, काकी."

म्हणून हे सगळं तुला आज लिहिलं. पोरांना घेऊन ये अनू, हुरडा सुरू व्हायच्या आत ये. रविवारी नको, सोमवारी ये. होडी नसेल, गाडी नसेल, इथं बघण्यासारखं काही नसेल. पोरांना कंटाळा आला तर येऊ दे, उंबऱ्यावर बसून मेथी निवडतील. पण लवकर ये. मी आहे तशी आहे तोवर ये.